नीलिमाला स्वस्थ बसवत नाही

नीलिमा खिरवडकर आणि मी रायपूरच्या समता कॉलोनीतल्या एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. मी बाहेर बिलाच्या काउंटरवर, ती आत मायक्रोस्कोपवर. माझं नाव लता. माझ्याबद्दल एवढं पुरे, कारण गोष्ट तिची आहे.

बाईनं पन्नाशी ओलांडली, पण एका जागी बसेल तर शपथ. चहा उभ्यानं पिते. फोनवर बोलताना काउंटरला चार फेऱ्या मारते. घर चौबे कॉलोनीत. नवरा प्रफुल्ल सिलतऱ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो, सासरे यशवंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. एकुलता एक मुलगा विहंग हैदराबादला नोकरीला लागला आणि हिची तगमग आणखीच वाढली. तो होता तोवर ती त्याच्या पुस्तकांतून त्याच्याबरोबर शिकायची. गाडी चालवायला शिकली ती त्याला क्लासला सोडायला. कॉम्प्युटर शिकली तो लॅबचे रिपोर्ट टाइप करायला.

"आजपर्यंत जे शिकली ते कशासाठी तरी शिकली," ती मला एकदा म्हणाली. "आता कोणालेच काही नको माझ्याकडून. मग मी काय करू, ते मले समजूनच नाही राहिलं."

मी तिला भिशीत घेतलं, भजनी मंडळात नेलं. भजनात ती हातात टाळ धरून दाराकडे बघत बसायची. दुसऱ्या महिन्यात तिनं दोन्ही सोडलं.

एप्रिलमध्ये एकदा ती गच्चीवरचा सकोरा घासायला गेली. चिमण्यांसाठी पाणी ठेवतो ते मातीचं पसरट भांडं. बुडाला तपकिरी शेवाळ साचलेलं. घासायच्या आधी काय मनात आलं कोण जाणे, तिनं त्यातलं थोडं पाणी एका बाटलीत भरलं आणि लॅबमध्ये आणलं. दुपारी पेशंट नसतात. आतून एकदम ओरडणं ऐकू आलं.

"लता! धावत ये!"

मला वाटलं, सुई टोचली. जाऊन बघते तर ही मायक्रोस्कोपला डोळा लावून उभी. मला ढकलतच तिनं पुढं केलं. आत काचेसारखा एक जीव होता. शेपटीनं कचऱ्याला धरून उभा, आणि डोक्यावर दोन चाकं गरगर फिरताहेत. मोटर लावल्यासारखी.

"शी! बिचाऱ्या चिमण्या रोज हे पितात?" मी म्हटलं.

तिला ते ऐकूही आलं नाही. गंधाली मॅडम, आमच्या डॉक्टर, जेवून आल्या आणि त्यांनीही पाहिलं. "रोटिफर आहे हा," त्या म्हणाल्या. "बी.एस्सी.ला चित्र काढलं होतं. जिवंत आज पहिल्यांदा बघतेय." मग जरा विचार करून म्हणाल्या, "नीलिमाताई, दुपारी बघत जा हवं तर. पण स्लाइड्स वेगळ्या ठेवा, आणि पेशंटच्या सॅम्पलजवळ हे पाणी येता कामा नये."

झालं. त्या दिवसापासून ही बाई माणसांत राहिली नाही. घरच्या सकोऱ्याचं पाणी, शेजारच्यांच्या कुंडीचं पाणी, कुलरच्या टाकीचं पाणी. फोनवर इंग्रजी वाचायची, अडलं की माझ्याकडे यायची, मला काय कळणार! एक दिवस ती चिडूनच बाहेर आली.

"फिरतच नाहीत ती!"

"काय?"

"चाकं. फिरत नाहीत. ते बारीक केस आहेत. एकामागून एक वाकतात, वाऱ्यानं धानाचं शेत हलते ना, तसे. आपल्याले फिरल्यासारखं दिसते फक्त. म्हणजे मी इतके दिवस जे डोळ्यानं बघून राहिली होती, ते होतच नव्हतं!"

रागावली होती, पण चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिले.

मे महिन्यात रायपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. सकोरा कोरडा ठणठणीत पडला. एरवी तिनं लगेच भरला असता, या वेळी चिमण्यांसाठी दुसरा आणला आणि हा तसाच उन्हात राहू दिला. या रोटिफरांतले काही वाळून जातात आणि पाणी मिळालं की पुन्हा हलू लागतात, असं तिनं वाचलं होतं. तिचा विश्वास नव्हता. तळाची धूळ खरवडून तिनं कागदाच्या पुडीत ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी त्यातली चिमूटभर लॅबमध्ये थेंबभर पाण्यात टाकली. ती दुपार मला आठवते, कारण मी तिला पहिल्यांदा बसलेली पाहिली. चहा थंड झाला. बराच वेळ गेला. मग ती बाहेर आली, आणि शुगरच्या रिपोर्टसाठी थांबलेल्या एका आजोबांनाच म्हणाली, "हलला!"

आजोबा घाबरून उभे राहिले. "हव बेटी," म्हणाले. काय हलला ते त्यांनी विचारलं नाही.

घरी मात्र सगळे विचारायचे. प्रफुल्ल माणूस सरळ, बायकोवर जीव आहे त्याचा. पण त्याला हे कोणत्या खान्यात ठेवावं ते कळेना.

"याचं करशील काय तू?"

"काही नाही."

"काहीच नाही? मग काहून करून राहिली?"

विहंगला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मम्मी, चैनल बना लो ना. लोग देखते हैं ऐसी चीज़ें." हा मुलगा मराठी सगळं समजतो, उत्तर हिंदीतच देतो. शेवटी प्रफुल्लनंच मार्ग काढला. घरी बसून प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करता येतं, हे त्यानं शोधून काढलं. "शिकूनच राहिली आहेस तर डिग्री तरी घे. माणसाले सांगता येते."

ती खूश झाली, खोटं कशाला सांगू. आता कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी होतं. पेढेही वाटले आम्ही.

पुस्तकांचा गठ्ठा आला. ती पहाटे उठून वाचायची, असाइनमेंट लिहायची, मागच्या वर्षांचे पेपर सोडवायची. मार्कही चांगले पडत होते. दुपारी मायक्रोस्कोप मोकळा असायचा आणि ही त्याच्याशेजारी बसून मुद्दे पाठ करायची. बसून! मला वाटलं, चला, बाई एकदाची स्थिरावली.

दिवाळीनंतर एक दिवस ती काउंटरवर आली. चेहरा उतरलेला.

"लता, काल वाचता वाचता एक गोष्ट आली. ते चाकवाले वाळतात तेव्हा त्यांच्या आत काय होते, ते दिलं होतं. मेमध्ये याच गोष्टीसाठी मी जीव टाकत होती. आणि काल मी काय केलं माहीत आहे? जुने पेपर काढून पाहिले, हे विचारतात का. नाही विचारत. तर पान उलटवलं मी. पान उलटवलं, लता."

परीक्षेला ती बसलीच नाही. घरी मोठं भांडण झालं. प्रफुल्ल म्हणाला, "भिशी सोडली, भजन सोडलं, आता हे. धरसोड करायचीच सवय आहे तुले." तिलाही तसंच वाटत होतं.

खरं वाईट पुढेच झालं. तिला वाटलं होतं, डिग्री सोडली की जुनी मजा परत येईल. आली नाही. तिनं सकोऱ्याचा थेंब पुन्हा स्लाइडवर घेतला, डोळा लावला आणि मिनिटभरात बाजूला झाली. "दिसते सगळं," म्हणाली, "पण पाहावंसं नाही वाटत." हिवाळाभर ती लॅबमध्ये नुसती येरझाऱ्या घालायची. आवरलेलीच कपाटं आवरायची. लावलेली बाटल्यांची रांग पुन्हा लावायची. कोणतीही गोष्ट हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मी म्हटलं, "सुट्टी घे, विहंगकडे जाऊन ये." तर म्हणाली, "तिथं पण मीच असणार ना."

फेब्रुवारीत यशवंतरावांना कानाचं मशीन घेतलं. म्हातारे चौऱ्याऐंशीचे, ते घालायला तयारच नव्हते. घातलं, आणि कानाशी हात नेला की त्यातून बारीक शिट्टी वाजायला लागली. प्रफुल्ल म्हणाला, मशीन खराब आहे, बदलून आणतो. नीलिमा कुकर लावत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"मामाजी, हात पुन्हा न्या बरं कानाजवळ."

शिट्टी.

"आता काढा."

बंद.

"अजून एकदा."

"मले काय खुळखुळा समजून राहिली का?" सासरे म्हणाले. पण हात नेला त्यांनी. त्यांनाही गंमत वाटली असणार. घरात त्यांच्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी बघून बरेच दिवस झाले होते.

कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, भाताची खीर झाली. मशीन खराब नव्हतं, हे तिनं तेवढ्यात शोधलं. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो, हातावर आपटून पुन्हा त्याच मशीनमध्ये शिरतो, मोठा होऊन परत बाहेर येतो, परत शिरतो. गणपतीच्या मंडपात माइक किंचाळतो तोही याच कारणानं. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण सांगताना ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पाण्याच्या फिल्टरकडे बघत होती, तिथं कोणीतरी बाटली भरत होतं.

"लोटा भरत आला की आवाज चढत जाते," ती म्हणाली. "माहीत आहे तुले?"

"असेल."

"तीस वर्षं भरून राहिली मी. कधी ऐकलंच नाही."

या वेळी तिनं घरी काहीच सांगितलं नाही. म्हणजे सासऱ्यांना सांगावंच लागलं, मशीन त्यांचं होतं. एका संध्याकाळी प्रफुल्ल कामावरून आला तर जेवणाच्या टेबलावर काचेचे ग्लास मांडलेले, कमीजास्त पाणी भरलेले. बायको चमच्यानं वाजवतेय आणि वडील भांडताहेत, "त्याचा नाही, याचा सूर उंच आहे, याचा!" तो दारातच उभा राहिला.

"याची परीक्षा आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग चांगलं आहे." तो बूट काढायला बसला. थोड्या वेळानं मोज्यावरच जवळ आला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं चुकून राहिलं. मधला उंच आहे."

हे तिनं सांगितलं तेव्हा मी हसले. ती हसली नाही. ती काउंटरला फेऱ्या मारत होती, हातात चहा.

"ऐक. लोट्यात पाणी भरलं की आवाज चढते. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ग्लासात जास्त पाणी असलं अन् वाजवलं, तर आवाज उतरते. कालपासून वाजवून राहिली मी. उतरतेच. तेच पाणी! एकदा चढवते, एकदा उतरवते. असं कसं?"

"मले काय माहीत, बाई?"

"मले पण नाही माहीत," ती म्हणाली, आणि ते असं म्हणाली, जणू कोणी तिला काही दिलं होतं.

"आणि ते तुझे चाकवाले?" मी विचारलं.

"असतील तिथंच. वाटलं तर जाईन."

"हे तरी किती दिवस चालेल?"

"कोण जाणे." ती थांबलीच नाही. "नसेल टिकणार. नको टिकू दे."

बाकावर एक पेशंट येऊन बसला होता, मी तिला खूण केली. तिनं त्याला आत नेलं, रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि तो दाबून धरतोय तोवर पुन्हा माझ्यापुढे उभी.

"लता, तुझी पाण्याची बाटली दे जरा."