तवा पाठीशी बांधून काटोलला

ती सकाळ आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग एका पोराचा प्रश्न आठवतो. नागपूरच्या महाल भागातली एक बाई धापा टाकत आमच्या पोलीस ठाण्यात आली. तिचा अकरा वर्षांचा मुलगा शाळेत पोचलाच नव्हता. मूल हरवलं की आम्ही थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवतो. तसा तो नोंदवून घेत होतो.

"दिवसभर त्या गोळीबाराच्या गेममध्ये घुसून राहते साहेब. काल बहिणीले लाथ मारली," ती रडत म्हणाली. मग एकदम, "अन् माहा तवाबी गायब आहे!"

मला वाटलं, बाई भांबावली आहे. आमची महिला शिपाई मात्र ताडकन उठली. "साहेब, त्या गेममध्ये पाठीवर तवा बांधला की गोळी लागत नाही. माहा पोरगाबी खेळते. हा लढाले गेला!"

कोणाशी, हे फक्त आईसोबत आलेल्या त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीला ठाऊक होतं. तिने दादाला कोणाला न सांगण्याचा शब्द दिला होता. आमच्या शिपाईबाईंनी तिला मांडीवर घेतलं, दोन बिस्किटं दिली, तेव्हा कुठे ती बोलली. "दादा दोस्ताले सोडवाले गेला. काटोलले, मामाच्या गल्लीत. दोस्ताचे पप्पा त्याले पट्ट्यानं मारते."

काटोल पोलिसांना फोन लावला आणि जीप काढली. आम्ही पोचलो तेव्हा स्वारी तिथल्या ठाण्यात बाकावर बसली होती. एसटीने जाऊन दोस्ताच्या दाराची कडी वाजवत असतानाच तिथल्या पोलिसांनी त्याला गाठलं होतं. पाठीवर दप्तर, त्याखाली दोरीने बांधलेला तवा. दप्तरात दोस्तासाठी मलम आणि पट्ट्या. असा लाघवी गुन्हेगार मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

"त्याच्या बापानं तुलेच झोडपलं असतं तर?" मी विचारलं.

"थोडी लाइफ जाते साहेब. परत भरते."

मी त्याला जवळ घेतलं. "बाबू, इथं परत भरत नाही."

त्याने दप्तरातलं मलम चाचपलं. मग म्हणाला, "मंग दोस्ताचीबी नाही भरत न?"

त्याच दिवशी दोस्ताच्या बापावर गुन्हा दाखल झाला. बाल कल्याण समितीने त्या दोस्ताला आजीकडे सोपवलं.

त्या गेमने पोराला लाथ मारायला शिकवलं, मार आणि मरण खोटं वाटायला लावलं, हे मी नाकारणार नाही. आईने मोबाइल काढून घेतला, ते बरंच केलं. पण त्या दोस्ताच्या अंगावरचे वळ गल्लीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी पाहिले होते, मामानेसुद्धा. दाराची कडी वाजवली ती या पोराने.