उतरलेली बॅटरी

आठवीत शाळा सुटली आणि मी गडचिरोलीहून बारामतीला बॅटरीच्या दुकानात कामाला आलो. मालकांना सगळे आबा म्हणायचे. एका दुपारी शेळगावच्या एका शेतकऱ्याने चार्जिंग चालू असतानाच आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चिमटा ओढला. ठिणगी पडली, बॅटरी धाडकन फुटली आणि ॲसिड माझ्या डोळ्यांत उडालं.

मी ओरडत पळत सुटलो. आबांनी मानगूट धरून माझं तोंड पाण्याच्या पिंपात बुडवलं. मी लाथा झाडत होतो, तर त्यांनी मला भिंतीशी दाबून धरलं आणि अंगठ्यांनी माझ्या पापण्या फाकवल्या.

आबा त्या शेतकऱ्यावर ओरडले, "तात्या, पाण्याची नळी धरा ह्याच्या डोळ्यांवर. तेवढं तरी जमंल ना तुमाला?"

"आबा, सकाळी तर ती पार उतरलेली होती," मी रडत म्हणालो. "एवढा जोर आला कुठून?"

"आपणच घातला. उतरलेल्या बॅटरीत दोन्हीकडच्या पट्ट्या सारख्याच झालेल्या असत्यात, म्हणून ती गप पडती. करंट दिला की त्या पुन्हा येगळ्या व्हत्यात. आतलं पाणीबी फुटून गॅस व्हतो. त्या गॅसला परत पाणी व्हायचं असतं, निस्ती ठिणगी पुरती. हलू नको."

बऱ्याच वेळानं त्यांनी बोटं समोर धरली. "किती हायेत?"

"दोन."

आबांनी ती दोन बोटं खाली घेतली आणि तात्यांना नळी बंद करायला सांगितलं. चिमटा लावताना अजूनही माझे हात कापतात, पण ते कापताना मला दिसतात.