मुलांसाठी निवडलेली यमपुरी

माझ्या पुतण्याने आपल्या बापाच्या वर्षश्राद्धातला वडा चोरला नव्हता. आमच्या भाऊबंदांत पळसदरीपासून चौक गावापर्यंत ही गोष्ट आजही सांगतात. पोर एवढं हावरं, की बापाचं पान वाढायच्या आधी त्यानं कढईत हात घातला आणि हात तिथंच जळाला, असं म्हणतात. त्याचं लग्न जमवताना दोन घरांनी तेवढ्यावरून पोरगी दिली नाही. ती गोष्ट पहिल्यांदा बोललो तो मी. खरं काय झालं ते माहीत असलेली माणसं आता उरली नाहीत, म्हणून लिहीत आहे.

मी तेव्हा कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. थोरला भाऊ घाटात रुळांच्या कामावर होता. वरून दगड सुटला आणि त्याच्या छातीवर आला. गोणपाटात गुंडाळून त्याला घरी आणलं तेव्हा गोणपाटातून रक्त ठिबकत होतं. मागे वहिनी आणि चार वर्षांचा मुलगा राहिला. माझा मुलगा नऊ वर्षांचा. दोघं एका ताटात जेवत, एका घोंगडीत निजत.

घरात आता मीच मोठा, तेव्हा पोरांना वळण लावणं माझं काम, असं मी धरून चाललो. वळण कसं लावतात ते मला एकाच प्रकारे माहीत होतं. आमच्या पंतोजींनी मला एकदा तुळईला उलटं टांगून खाली निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या होत्या. डोळे आठवडाभर सुजले होते, पण पाढे पाठ झाले. पाढे मिरच्यांनी पाठ झाले, असंच मी पुढं कितीतरी वर्षं मानत होतो.

स्टेशनाबाहेर पिंपळाखाली एक पुस्तकवाला गोणपाट पसरून बसे. मुंबईच्या छापखान्यांतली पंचांगं, पोथ्या, देवांची चित्रं. एके दिवशी त्याच्याकडे मुलांच्या चित्रांची दोन पुस्तकं आली. पहिल्यात गाय वासराला चाटत होती, पोत्यावर उंदीर बसला होता, खाडीत शिडाचं तारू होतं, आणि शेवटच्या पानावर एक मुलगी कोकरू उचलून उभी होती. ते पुस्तक मी दोनदा चाळलं. उंदराच्या मिशा इतक्या बारीक काढल्या होत्या की मला हसू आलं. पुतण्याला हे आवडेल, असं माझ्या मनात आलं, हे मला चांगलं आठवतं.

शेजारी तिकिटं देणारा कारकून उभा होता. तो म्हणाला, "कोकरू बघितलंस ना? पाद्र्यांच्या छापखान्यातलं हाय ते. आज कोकरू, उद्या पोरगं बाटलं म्हणून गावात बोंब. तुझ्या वहिनीला काय सांगशील?"

पुस्तकवाल्यानं लगेच दुसरं पुढं केलं. "हे घ्या, रावसाहेब. आपल्या धर्माचं. एकदा पोराला दाखवा, जन्मात खोटं बोलायचं नाही."

त्या पुस्तकात यमपुरी होती. पानापानावर एक पाप आणि एक शिक्षा. खोटं बोलणाऱ्याची जीभ यमदूत सांडशीनं ओढत होता. आईबापाला मारणाऱ्याला दोघेजण करवतीनं डोक्यापासून उभा चिरत होते. चोराचे हात उकळत्या तेलाच्या कढईत बुडवले होते. रंग भडक, रक्त तर पानाबाहेर येईल असं लाल. मी कोकराला भ्यालो आणि करवत घरी घेऊन गेलो.

दुपारी ओटीवर बसून मी दोन्ही पोरांना ते दाखवत असे. पहिल्या दिवशी पुतण्यानं माझ्या बंडीत तोंड लपवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तो स्वतःच मांडीवर येऊन बसला.

"काका, कडय दाखव."

"कोणाला तळतात कढईत?"

"चोराला!" असं म्हणून तो टाळ्या वाजवायचा.

माझ्या मुलाचे प्रश्न निराळे. "बाबा, तळल्यावर मरतो का तो?"

"मरत नाय. पुन्हा हात फुटतात, पुन्हा तळतात."

"आणि किती येळा?"

"पाप फिटेपर्यंत."

मला हे सांगताना मजा येत होती, हेही लिहिलं पाहिजे. मी दात खाऊन यमाचा आवाज काढायचो. पोरं किंचाळायची, आणि मला वाटायचं की शिक्षण चाललं आहे.

मग पोरं यमपुरी खेळू लागली. माझा मुलगा यम. त्यानं परसातला बेडूक धरून कोयत्यानं उभा कापला, कारण बेडकानं आईबापाला मारलं होतं. बायको मला म्हणाली, "अवो, ते पुस्तक चुलीत घाला. पोराच्या डोळ्यात बगा जरा."

"पापपुण्य कळायला लागलंय त्याला," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्यानं शेजारच्या पोराची जीभ चिमट्यात धरून ओढली. जीभ फाटली. त्या पोराची आई रक्तानं भरलेलं पोर घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा शिव्या देत राहिली. मी निरगुडीचा फोक तोडला आणि मुलाला झोडपलं. फोक मोडला तेव्हा दुसरा तोडला. त्याच्या पाठीवर वळ उठले, काहींतून रक्त आलं. पुस्तक मात्र कोनाड्यात तसंच राहिलं. उलट मी त्याला म्हणालो, "पुन्हा असं केलंस तर तुझं पान उघडून दाखवीन."

भावाचं वर्षश्राद्ध आलं. वड्यांचं तळण घरात मावत नाही म्हणून परसात तीन दगडांची चूल मांडली होती. मोठी कढई, काठोकाठ तेल. पीठ मळून परातीत झाकून ठेवलं होतं. तेल तापलं, आणि तेवढ्यात पुढच्या दारी माझे थोरले चुलते आणि भाऊबंद आले. बायको पाय धुवायला पाणी द्यायला गेली. वहिनी आत ओल्या वस्त्रानं पितरांचं पान मांडत होती. तोवर एकही वडा तेलात पडलेला नव्हता. परात झाकलेली होती, ती तशीच झाकलेली मी नंतर पाहिली.

पोरांनी चुलीवर यमपुरीतली कढई ओळखली. नंतर माझ्या मुलानं मला सगळं सांगितलं. त्यानं पुतण्याला विचारलं, "तू काय पाप केलंस रं?" पुतण्याला खेळात कधी कुठलं सोंग मिळत नसे, नुसतं बघत बसावं लागे. त्याला कढईचं पान आवडायचं. तो हसत म्हणाला, "मी चोरी केली." यमानं त्याचं मनगट धरलं आणि पंजा तेलात बुडवला.

ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मी धावत परसात गेलो. माझा मुलगा त्याचं मनगट धरूनच उभा होता, त्याच्या स्वतःच्या बोटांवरही तेल उडून फोड आले होते, आणि तो सोडत नव्हता. मी त्याला लाथ मारून दूर केलं. पुतण्याच्या हाताची कातडी मोज्यासारखी सुटून खाली आली होती.

मागून चुलते आले. "काय झालं रं?"

त्या क्षणी मी माझ्या मुलाकडे पाहिलं आणि म्हणालो, "वड्याला हात घातला असेल. हावरं हाय पोर."

एवढंच बोललो. चुलत्यांचं तोंड कडू झालं. "पितरांचं पान वाढायच्या आदी? सोताच्या बापाचं?" वहिनी आतून बाहेर आली होती. तिनं ते ऐकलं. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं तिच्या अंगात आलं. तिनं चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि त्या पोराच्या पाठीवर, पायांवर मारत सुटली. "बापाच्या तोंडातला घास खाल्लास! मेला का नाय तू त्याच्यासंगं!" पोर ओरडायचंही विसरलं. तिला आवरायला तिघी बायका लागल्या. मी हलू शकत होतो. हललो नाही. तिला थांबवायचं म्हणजे खरं सांगावं लागलं असतं.

बायकोनं झाकलेली परात पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. ती मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि माझ्याशी इतरही फारसं बोलली नाही.

चुन्याची निवळी आणि खोबरेल लावून पोर जगलं. बोटं एकमेकांना चिकटून पंजा वळून गेला.

दिवेलागणीला माझा मुलगा माझ्याजवळ आला. त्याची बोटं फडक्यात बांधलेली. "बाबा, मला आता कुठलं पान?" त्यानं विचारलं.

"गप बसलास तर कुठलंच नाय," मी म्हणालो, आणि पुस्तक परसातल्या त्याच चुलीत टाकलं. तो गप्प बसला. मोठा झाला तसा मुंबईला गेला, तिकडेच प्लेगात गेला. शेवटपर्यंत गप्प होता.

पुतण्या इथंच राहिला, एका हातानं नांगर धरायला शिकला. त्याला मी कधी मारलं नाही, आणि तो माझ्याइतका कोणाचा मान ठेवत नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या अंगणात बसलो होतो. त्याच्या पाच वर्षांच्या पोरीनं शेजारणीच्या पाटीतली मूठभर करवंदं उचलली होती. पुतण्यानं तिला ओढत आणलं, वाकडा पंजा तिच्या नाकासमोर धरला. "बग. चोरी केली की असं व्हतं. तुज्या बानं केली व्हती. बग नीट!"

 माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पुस्तक, यमाचा खेळ, मनगट धरणारा माझा मुलगा, झाकलेली परात, माझं वाक्य. तिथंच, पोरीसमोर.

तो ऐकत राहिला. मग डोकं हलवलं.

"नाय, काका. तुमी म्हातारपनी माजं पाप सोतावर घ्यायला बगताव. मला आठवतंय ना. वडा उचलला व्हता मी. गरम व्हता. तोंडात घातला तवा जीब पोळली."

"अरे, एकही वडा तळला नव्हता."

"मीठ कमी व्हतं त्याला," तो म्हणाला. "आईनं मारलं ते बराबर व्हतं. तिच्यावर राग नाय माजा कदी."

मी पुन्हा सांगायला गेलो. त्याचा आवाज चढला. "बस करा! आई चुकली म्हंता का तुमी? उगाच मारलं म्हंता तिनं मला?"

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते त्याला देणं म्हणजे त्याच्या आईच्या हातातलं जळतं लाकूड पुन्हा त्याच्या पाठीवर मारणं होतं.  त्यानं पोरीचा हात धरून आपल्या चिकटलेल्या बोटांवर ठेवला आणि म्हणाला, "हात लाव. भिऊ नको. कसं लागतंय सांग." ती डोळे मिटून ते चाचपत राहिली.