खुर्चीचा उपास

बॅटरी खराब झाली असं कुणी म्हटलं, की चाचांचा पारा चढायचा. "खराब न्हाई, उपाशी हाय म्हना!" कापूरहोळच्या फाट्यावर त्यांचं ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्यांमधून ते पंगतीत आग्रह करत फिरावं तसे फिरायचे.

भोरच्या बाजारपेठेत खाली आमचं भांड्यांचं दुकान आणि वर घर. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी पुण्यातल्या एका बंगल्यातून जिन्यावरून सरकत वर-खाली करणारी, वापरलेली बॅटरीची खुर्ची आणून बसवली. वडील तिच्यावर ऐटीत बसून दुकानात उतरायचे. पुढं दसरा झाला आणि दोनच दिवसांत खुर्ची ठप्प! बसवणाऱ्यानं फोनवरच निकाल दिला, "चार्जर गेला. नवा परदेशातून मागवावा लागेल, दोन महिने धरा." ऐन दिवाळीच्या तोंडावर वडील वर अडकले. मी सरळ सांगून टाकलं, आता दुकान बंद करा आणि पुण्याला माझ्याकडे चला. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

शेवटचा उपाय म्हणून चाचांना बोलावलं. त्यांना हत्यारांची घाई कधीच नसे. आधी चहा, मग चौकशी. खुर्ची कुठं थांबते, बटण कोण बंद करतं, लाइट किती तास जाते.

मी वैतागलो. "चाचा, चार्जर बघा ना!"

"बघतो की. पन आदी घरातलं तर कळू द्या."

मग मीटर लावलं. चार्जर ठणठणीत. बॅटऱ्याही शाबूत, फक्त रिकाम्या. चाचा जिन्यात ओणवे झाले. खुर्ची थांबते तिथं रुळाला तांब्याच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांतून करंट खुर्चीत जायचा. त्या पट्ट्यांवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता. खंडेनवमीला आईनं यंत्राची पूजा केली होती, आणि चकचकीत तांबं दिसलं तिथंच, रुळाच्या दोन्ही टोकांना, अगदी मनापासून!

आईचा चेहरा उतरला. आतून वडील ओरडले, "काय सापडलं?"

"काय न्हाई, शेठ! खुर्चीनं नवरात्राचा उपास धरला हुता, सोडायचा इसरली!"

उपास कुणामुळं घडला हे वडिलांनी तेव्हाच ओळखलं असणार. कितीतरी दिवसांनी ते खदाखदा हसले.

चाचांनी पट्ट्या घासून लख्ख केल्या, चार्जरचा दिवा लागला. "रातभर जेवू द्या तिला," म्हणाले. मग खुर्चीच्या पाठीचा भाग दाखवत आईला हळूच सांगितलं, "वैनी, फुडल्या साली कुकू हितं लावा. हितं करंट न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी वडील दुकानात उतरले, आणि पुण्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही. त्यानंतर दर दसऱ्याला चाचा एसटीनं झेंडूची माळ घेऊन यायचे आणि ती स्वतःच्या हातानं खुर्चीच्या पाठीला बांधायचे. जेवल्याशिवाय आई सोडायची नाही.

वडिलांनी आणखी सहा दिवाळ्या गल्ल्यावर बसून केल्या. ते गेल्यावर चाचा खुर्ची काढायला आले. शिवरे गावात कुणी म्हातारे असेच माडीवर अडकले होते, त्यांच्याकडे ती जाणार होती. पाना हातात घेतला, पण तो बाजूला ठेवून त्यांनी आईला विचारलं, "वैनी, एकडाव बसून बगू का?" इतक्या वर्षांत ते तिच्यावर कधी बसले नव्हते. ते वर गेले आणि सावकाश खाली आले.

"शेठला हितनं दुकान पार दारापत्तुर दिसत व्हतं," ते म्हणाले. खुर्ची थांबली तरी ते उठले नाहीत, आणि आम्हीही कुणी त्यांना उठा म्हटलं नाही.