पुंजारामाचा पाण्यातला तोल

पुंजाराम सोनाराचे दोन्ही डोळे गेले, तरी अमरावतीच्या सराफ्यातली त्याची ओसरी कधी ओस पडली नाही. कसोटीवरचा कस दिसेना, तेव्हा त्याने पाण्यालाच आपला डोळा केलं. दागिना आधी कोरडा तोलायचा, मग पारड्याखाली दोऱ्याने टांगून गडव्यातल्या पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा तोलायचा. वीस तोळे चांदी पाण्यात अठराच्या खाली उतरत नाही. कथील मात्र सतरावर घसरतं. वरून कितीही मुलामा चढवा, पाणी फसत नाही. कापसाच्या तेजीत कास्तकारांनी बैलांची शिंगंसुद्धा चांदीनं मढवली, ती सारी चांदी याच गडव्यातून गेली. 'पुंजाराम म्हणे ते खरं' अशी बाजारात म्हणच पडली.

लेक कौसल्या अकोल्याला दिली होती. घर सोनाराचंच, पण कापसाचा भाव चढताच भट्टी विझवून दलालीत शिरलेलं. अमेरिकेतली लढाई थांबली, तिकडचा कापूस पुन्हा येऊ लागला, इथला भाव कोसळला, आणि चैतात कौसल्या एकटीच माहेरी आली. मागोमाग बैलांच्या दमणीतून सासू मैनाबाई. तिने लग्नातले तोडे ओसरीवर आदळले.

"इवाई, अकोल्याचे सराफ याले कथील म्हणतेत. तुमी तोला. चांदी निघाली तं सून आताच गाडीत बसवतो. नाही निघाली तं ठेवा तुमची पोर तुमच्यापाशी!"

पुंजाराम हसला. "इहीणबाई, डोळे होते तवा ह्याच हातानं ओतले ते. पाणीच सांगन तुमाले."

कोरडे वीस तोळे भरले. मग पाण्यात. वजनं लग्नाआधीसारखी कौसल्याच टाकत होती, पण आज फार हळू.

"अठरा," ती म्हणाली.

मैनाबाईने सुस्कारा सोडला. "चाल मंग, बांध वं लुगडी." कौसल्या लगेच उठली.

पण तोल झाला की वजनांच्या पारड्यावर एकदा बोटं फिरवायची, ही पुंजारामाची जन्माची खोड. दहा. पाच. दोन. आणि तोळ्याच्या जागी पावतोळा.

"सवासतरा," तोंडातून निघूनच गेलं. "कथील हाये."

मग तो चाचपडत म्हणाला, "पण हे माहे तोडे नोहेत! कोणीतरी बदलवले."

"कोणं? माह्या लेकानं, उद्धवनं?" मैनाबाई उठली. "कथील तुमीच म्हटलं, इवाई. पुंजाराम म्हणे ते खरं, नाही का?"

दमणीच्या घुंगरांचा आवाज गल्लीबाहेर गेला. कौसल्या एकेक वजन पदराने कोरडं करून डबीत ठेवत होती.

"जावायानं केलं?" त्याने विचारलं.

"विझलेली भट्टी एकडाव पेटवली त्यायनं, चांदी आटवून कथलाचे ओतले. भाता मीच फुकला, बाबा."

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं?"

डबीचं झाकण लागलं.

"सांगतलं ना. अठरा म्हटलं मी."