खुर्चीवाल्या ताई

उभ्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, हा ताईंचा नियम होता. मेंदूच्या ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक भिंतीला टेकून, जिन्याच्या पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथं थांबलेले असत. ऑपरेशन करणारे सर बाहेर आले की सगळे एकदम पुढं सरकत, आणि सरांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ताई दोन्ही हातांत प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन मध्ये घुसत. "बसा आधी. सर, तुम्हीबी बसा." सुरुवातीला सर वैतागायचे. नंतर तेच विचारू लागले, "ताई कुठे आहेत? मला बोलायचंय." त्या बोलण्यात काय असणार, ते आम्हाला कळत असे.

आमचा कार्यक्रम नांदेडच्या एका रुग्णालयात चालायचा. डोक्याला मार लागलेल्यांवर शस्त्रक्रिया करायची, घरच्यांना पुढच्या दिवसांसाठी तयार करायचं आणि घरी गेल्यावर त्या रुग्णांचं नेमकं काय होतं, याचा अभ्यास करायचा. शस्त्रक्रिया आणि संशोधन सरांकडे, आखडलेले हातपाय मोकळे करणं माझ्याकडे, आणि घरची माणसं ताईंकडे. कार्यक्रमाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. भोकर-बिलोलीकडून आलेली माणसं मात्र "खुर्चीवाल्या ताईकडं जायचंय" एवढंच म्हणत. मी रडणारी बाई नाही, आणि ताई तर मुळीच नव्हत्या. त्यांनी कुणाचे डोळे पुसलेले मी पाहिले नाहीत. त्या पाण्याचा ग्लास हातात देत आणि समोरचा पाणी पिऊन होईपर्यंत गप्प बसत.

ताई मूळच्या लातूरकडच्या. भूकंपात त्यांची सासर-माहेर दोन्हीकडची माणसं गेली. नंतर मदतछावणीत डॉक्टरांच्या हाताखाली काम करता करता त्या याच कामात राहिल्या. आम्ही आपसात खुर्च्यांचा संबंध भूकंपाशी जोडून टाकला होता. यांना कुणीतरी उभ्याउभ्या सांगितलं असणार, असा आमचा तर्क. एकदा चहा पिताना मी विचारलंच.

"कशाचं काय, फिजिओबाई," त्या म्हणाल्या. "उभं माणूस ऐकत नसतंय. त्याचा एक पाय निघायच्या तयारीत असतोय. अन् माझे गुडघे दुखतेत, ते येगळंच."

त्यांचा दुसरा नियम लोकांना जास्त झोंबायचा. खेड्यातून आलेल्या घरात डॉक्टरांचं ऐकायला थोरला पुरुष पुढं होतो. त्याला सांगितलेली गोष्ट बायकांपर्यंत पोचेस्तोवर गुळचट होऊन जाते. ताई त्या थोरल्याला विचारत, "हागणं-मुतणं कोण काढणार हाय? तुम्ही?" तो खाली बघे. "मग जी काढणार हाय तिला बोलवा." बिलोलीकडचे एक काका म्हणाले, "बायकांना कशाला सांगता? रडत बसतील." ताई म्हणाल्या, "रडू द्या की. तुमच्याकडं बघून काय हासायच्या हायत का त्या?" काकांनी मुकाट्यानं सुनेला हाक मारली.

वैष्णवीला आणलं तेव्हाही ताईंनी आधी तिच्या आईलाच समोर बसवलं. माणसं मुखेडजवळच्या एका खेड्यातली. मुलगी दहावीपासून लातूरला होस्टेलवर, मेडिकलच्या तयारीला. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास, आणि क्लास सुटला की रस्त्यात पोरंच पोरं. अशाच गर्दीत रस्ता ओलांडताना तिला टेम्पोनं उडवलं. सरांनी कवटीचा एक तुकडा काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून दिली आणि ती वाचली. पुढं तिनं डोळेही उघडले, पण त्या डोळ्यांत बघणं नव्हतं.

अशा रुग्णाच्या कानाशी रोज सकाळी ओळखीच्या माणसानं बोलायचं आणि रुग्णाची नजर आवाजाकडे वळते का ते आम्ही बघायचं, अशी आमची पद्धत होती.

"बोला," ताई आईला म्हणाल्या.

"काय बोलू?"

"घरी बोलता तेच."

"घरी कुठं असती ती? फोनवरच बोलणं. जेवलीस का, अभ्यास झाला का. मग म्हणायचे, ठिव बाई, टाइम जाईल तुझा." बाई पुढं सरकली. मग नाकात नळी घातलेल्या मुलीच्या कानाशी वाकून म्हणाली, "वैष्णवी, जेवलीस का गं?"

मुलीची पापणीसुद्धा हलली नाही. पुढचे कितीतरी दिवस आई तेच विचारत राहिली.

मग एक दिवस बापानं मोबाइल आणला. त्यात क्लासच्या सरांची लेक्चर होती, फिजिक्सची. त्यानं मोबाइल उशीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"अहो दादा, ह्यानं जागं माणूस झोपंल," ताई म्हणाल्या, "अन् तुम्ही झोपलेल्याला उठवायलाव?"

"पोर्शन मागं पडायलाय, म्याडम. बाकीची पोरं पुढं जायलीत."

त्यांचं हे चाललेलं असताना मी मुलीचा घोटा धरून उभी होते. तिचे डोळे मोबाइलकडे वळले. मला वाटलं, योगायोग. मी सरांना बोलावलं. सरांनी आधी आईला बोलायला लावलं. काही नाही. मग लेक्चर दुसऱ्या बाजूला धरलं. डोळे त्या बाजूला गेले. पुन्हा आई, काही नाही. पुन्हा लेक्चर, आणि डोळे वळले.

"ऐकायली! माझी वैष्णवी ऐकायली!" बाप हसत होता, रडत होता, सरांचे पाय धरायला वाकत होता. आईनं पलंगाचा दांडा घट्ट धरला होता. मग तिनं तो सोडला, नॅपकिन उचलला आणि बाहेर गेली.

ताईंनी बापाला सांगितलं, "लावा. रोज लावा." आणि त्या आईच्या मागे गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाई, मी काय केलं तिला?"

"काही न्हाई. रोज कानावर कुणाचा आवाज पडत होता, तेवढंच कळालंय आज."

"म्हंजी मी न्हाई."

"हाव. तुम्ही न्हाई."

मी संतापले. दुपारी डबा खाताना ताईंना म्हटलं, एवढं खरं बोलायची काय गरज होती? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आज खोटं सांगितलं, तर उद्यापासनं माझं काहीच खरं वाटायचं न्हाई तिला. अन् अजून लई सांगायचं हाय."

ते सांगायची वेळ घरी पाठवायच्या आधी आली. ताईंनी दोघांना समोर बसवलं. परीक्षा आता होणार नाही, म्हणाल्या.

"ह्या वर्षी न्हाई, ते दिसायलंच," बाप म्हणाला. "रिपीटला टाकू."

"पुढच्या वर्षीबी न्हाई, दादा."

"मग त्याच्या पुढं?"

"न्हाई. ती किती जगंल, हेबी आम्हाला सांगता येईना. शिकणं संपलं तिचं."

बाप ताईंकडे बघत राहिला, जणू त्या आणखी काही सांगणार होत्या. आईनं एवढंच विचारलं, "घास गिळंल का?" दुसऱ्या दिवसापासून मी आईला भरवायला शिकवलं. मान कशी धरायची, ठसका लागला तर काय करायचं. तिचा हात चांगला होता. एकदा दाखवलेलं मला पुन्हा दाखवावं लागलं नाही.

अधूनमधून मी आणि ताई एसटीनं मुखेडला आणि तिथून जीपनं त्यांच्या गावी जात असू. मुलगी पडवीत बाजेवर असे. केस पोरासारखे आखूड वाढलेले, अंग स्वच्छ, पाठीला एक जखम नाही. हे काही सोपं नाही, चांगल्या रुग्णालयांतही जखमा होतात. बाप सकाळी लेक्चर लावून शेतावर जाई. मुलीचे डोळे मोबाइलकडे वळत आणि तिथंच राहत. पुढं काही घडत नव्हतं. आई आमच्याशी बोलताना मुलीकडे बघायची नाही.

मग ताप आला, छातीत कफ भरला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा बाप बाहेर माणसांत बसला होता. आम्हाला बघून उठला आणि परत बसला. आत आई होती. आम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती आमच्याकडे वळली. मग ताईंना म्हणाली, "बाई, तुम्ही खोटं सांगत न्हाई. तिनं मला वळखलं होतं का?"

हो म्हणा, मी मनात म्हणत होते. एवढ्या वेळेला म्हणून टाका.

"मला माहीत न्हाई," ताई म्हणाल्या.

मला त्यांना ओढून बाहेर न्यावंसं वाटलं. बाईनं नुसती मान हलवली. आता उठावं, असं मी ठरवत होते, तेवढ्यात ताईंनी विचारलं, "तुम्ही तिचं करायच्या तवा ती काय करायची?"

"काय करणार? पडून ऱ्हायची."

"न्हाऊ घालताना?"

"काही न्हाई."

"घास भरवताना?"

"तोंड उघडायची. ते बापानं भरवलं तरी उघडायची."

"अन् केसाचं?"

"तेल लावायचे मी. हाड काढलेली मऊ जागा सोडून. टेकून बसवायचे, अन् बोटं लागली की ती मान खाली घालायची."

"कुणीबी लावलं तरी?"

बाई विचारात पडली. "न्हाई," ती सावकाश म्हणाली. "मी तापानं पडले होते, तवा नणंदेनं लावलं. ह्यांनीबी लावलं एकदा. मान ताठच ठिवली तिनं. लई झटापट झाली. मग मीच उठले तापात."

"मग वळखत होती," ताई म्हणाल्या.

बाईनं तोंडात पदर कोंबला. बाहेरची माणसं बोलायची थांबली. ताई तिच्याजवळ सरकल्या नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. तिचं रडणं संपेपर्यंत तिथंच मांडी घालून बसून राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर मलाही बसावं लागलं.

ताई आता नाहीत. सर निवृत्त झाले. मी अजून तेच काम करते. घरी गेलेल्या रुग्णाला बघायला गेले की डोळे, आवाज, हातपाय सगळं तपासून झाल्यावर आईला किंवा बायकोला विचारते, तुमचा हात लागला की काय करतो? दुसऱ्याचा लागला की काय करतो? बहुतेक जणी आठवून आठवून बघतात आणि म्हणतात, काही न्हाई करत. मग मीही त्यात पदरचं काही घालत नाही.