खुंटा नसलेलं जातं

आमचं संग्रहालय म्हणजे इंदिरानगरात एका समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आमच्या इमारती उभ्या राहण्याआधी इथे मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते, झेंडूचे मळे होते. ते अगदीच विसरलं जाऊ नये म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळींनी आजूबाजूच्या गावांतून मोटेचं चाक, तांब्याचं घंगाळ, द्राक्षबागेतला जुना फवारणी पंप असं काय काय गोळा केलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या कामात अशी गुंतले की मुलगा म्हणायचा, आई, नोकरी होती तेव्हा तू घरी जास्त दिसायचीस.

सगळ्या वस्तूंत माझा जीव जात्यावर. दिंडोरीजवळच्या एका गावातल्या मावशींनी ते दिलेलं. मावशी ऐंशीच्या पुढच्या, मालक जाऊन कितीतरी वर्षं झालेली. घर पाडून नवं बांधताना पुतण्या जात्याची पायरी करायला निघाला, तेव्हा त्यांनी आम्हाला निरोप धाडला. जात्याला खुंटा नव्हता. विचारलं तर "हरवला" एवढंच म्हणाल्या. आम्ही सुताराकडून नवा करून घेतला, पण तो मेला कायम ढिलाच.

आमचे अध्यक्ष म्हणजे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक सर. त्यांनी जात्याभोवती दोरी बांधली आणि सुवाच्य अक्षरात पाटी लावली : हात लावू नये. मला ती पाटी पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपायची. पुतण्या एकदा येऊन हा थाट बघून गेला आणि लगेच मावशींचा फोन आला.

"दोरी बांधाया ते काय ढोर हाय का? कोणी हातच नाय लावायचा, तर माझ्या घरी काय वाईट होतं? रविवारी येते. तसंच असंल तर घेऊन जाईन."

माझी झोप उडाली. जातं गेलं तर आमच्या खोलीत उरणार काय, चाक आणि पंप? सर म्हणाले, नियम तो नियम.

शुक्रवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये हळदीचा कार्यक्रम होता. नवरीची आई धापा टाकत जिना चढून वर आली. "काकू, तुमच्याकडे जातं आहे ना? मी हळद पाकिटाची आणली, तर सासूबाई अडून बसल्यात. जात्यावर दळल्याशिवाय हळद लावायची नाही म्हणतात." आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसांनी जातं आणायचं कुठून?

मी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ दोरी सोडली. चौघांनी चादरीत घालून जातं खाली नेलं, मागून सर "अहो, नियम... अहो, जपून..." करत राहिले आणि मी पुढे अशी निघाले, जशी काही नवरी माझीच. खाली जात्याला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधली. पाच सवाष्णी बसल्या. ओव्या एकीलाही येईनात, तेव्हा कुणीतरी मोबाइलवर शोधून वाचायला लागली आणि हॉलभर हशा पिकला. पण घरघर सुरू झाली तसा मोबाइल बाजूला पडला. इतके महिने मुकं बसलेलं आमचं जातं बोलत होतं.

चष्मा विसरले म्हणून वर गेले, तर खोलीत मावशी उभ्या. पुतण्याचा टेम्पो भाजी घेऊन मार्केटला आला होता, म्हणून रविवारच्या आधीच आल्या होत्या. हातात कापडी पिशवी. समोर रिकामी जागा, जमिनीवर दोरी, आणि पाटी तेवढी जागच्या जागी.

"इकलं का काय?"

जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. मी जात्यात होते, नियम सांगून मोकळे झालेले सर सुपात. मी मावशींचा हात धरला आणि त्यांना घेऊन जिना उतरू लागले. मधल्या पायऱ्यांवर घरघर कानावर आली, तशा त्या थांबल्या.

"हळद हाय का?"

"हो. तुमच्याच जात्यावर."

त्या भराभर उतरल्या, पण दारापाशी पुन्हा अडल्या. "मी नको. गावात माझं जातं समद्यांच्या हळदीला जायचं. मालक गेल्यापून मी नाय जायची." हे त्या इतक्या सहज बोलल्या की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तोच नवरीची आई पिवळ्या हातांनी बाहेर आली. या मावशी कोण ते मी तिला सांगितलं.

"जातं तुमचं आणि तुम्ही बाहेर? या हो मावशी. आणि तो खुंटा बघा, सारखा निघतोय."

आत सासूबाईंनी मावशींच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग हातात निघून आलेल्या खुंट्याकडे पाहिलं. त्या सरकल्या आणि शेजारी जागा झाली.

मावशी बसल्या. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हातांनी झिजून गुळगुळीत झालेला, काळाभोर खुंटा. तो त्यांनी जात्यात ठोकून बसवला, हलवून पाहिला.

"हरवला नव्हता," मला म्हणाल्या. "देताना मन नाय झालं. आज तुमचा काढून ह्यो बसवायचा नि जातं न्यायचं, म्हणून संगं आणला."

नवरीच्या आईने फोडलेली हळकुंडं त्यांच्या मुठीत दिली. मावशींनी जात्यात घास घातला आणि खुंट्याला हात लावला. मला रडू आलं, आणि हसूही.

पुतण्याचा टेम्पो रिकामाच परत गेला.

आता लग्नसराईत जात्यासाठी नंबर लागतात. नेणाऱ्याला आमची एकच अट : एक आमंत्रण दिंडोरीकडेही गेलं पाहिजे. जातं खाली गेलं की रिकाम्या जागेवर सर स्वतः पाटी लावतात, त्याच सुवाच्य अक्षरात : जातं हळदीला गेलं आहे. सोबत मावशी आहेत.